सहावा हिस्सा मागे

गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट तिथूनच वैभववाडीकडे उतरतात. घाटमाथ्याच्या अलीकडे कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्या जून सरता सरता फुगतात, आणि त्यांच्यावरचे बंधारे एकामागून एक पाण्याखाली गेल्याच्या बातम्या कोल्हापूरच्या पेपरांत रोज यायला लागतात. बरगे घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून नदीला वाट मोकळी करायची, ही ‘कोल्हापूर पद्धत’ इथून राज्याबाहेरही गेली. गावाच्या लेखी मात्र बंधारा म्हणजे आधी पूल.

त्या पुलावरून वीतभर पाणी वाहत असलं तरी जुनी जीप असलेला माणूस गाडी घालतो. घालू नये, हे खरं. पोलीस बॅरिकेड लावतात तेही योग्यच. पण डेअरी पलीकडे असते, दवाखाना पलीकडे असतो. गाडी पाण्यातून बाहेर येते, इंजिन बंद पडलेलं नसतं, सगळे हुश्श करतात. नुकसान झालेलं असतं ते चाकाच्या मध्यभागी, मुठीएवढ्या जागेत, आणि त्या दिवशी ते कुणालाच दिसत नाही.

होतं ते असं. घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक ड्रम तापलेले असतात. ड्रमबरोबर चाकाच्या मध्यातलं हबही तापतं, त्याच्या पोटातली हवा प्रसरण पावते आणि थोडी सीलच्या ओठावाटे बाहेर पडते. तेच हब थंड पाण्यात बुडालं की आतली हवा झटक्यात आकसते आणि तेवढी जागा भरायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सील नवं असेल, त्याचा ओठ लवचीक असेल, तर पाणी बाहेरच अडतं. रबर कडक झालेलं असेल तर चमचाभर तरी आत शिरतं. तेवढं पुरतं. ग्रीस पांढरट होतं, रोलरच्या पोलादावर गंज धरतो, आणि पाऊस उघडल्यावर कधीतरी मोकळ्या रस्त्यावर गाडी गुणगुणायला लागते.

दसरा ते दिवाळी या दिवसांत कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चक्कर टाकली, तर अशी गुणगुणणारी एखादी जीप कुठल्या ना कुठल्या गॅरेजसमोर चाक काढून उभी दिसतेच. उद्यमनगर ही लेथ, फाउंड्री आणि वेल्डिंगची वस्ती. ज्या मेस्त्रींच्या गॅरेजात उभं राहून मी हे काम पाहिलं ते साठीच्या पुढचे आहेत. महिंद्राच्या सीजे थ्री बी आणि एमएम ५४० या गाड्यांवर त्यांचं आयुष्य गेलं. बोलतात कमी. पण गाडी गेटातून आत येत असतानाच त्यांचं काम सुरू झालेलं असतं, कारण ते कानाने ऐकत असतात.

आवाजाची तपासणी रस्त्यावर होते. सरळ रस्त्यावर येणारी घूंघूं डावीकडे वळताना वाढली तर संशय उजव्या चाकावर, कारण वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या चाकावर. काटेरी नक्षीच्या टायरचाही आवाज येतो, गिअर बॉक्सचाही येतो, पण ते आवाज वळणाने असे बदलत नाहीत. मग गाडी थांबवून प्रत्येक हबवर तळहात ठेवायचा. चारांतलं एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर एकतर ब्रेक धरतोय, नाहीतर बेअरिंग.

यानंतर गाडी जॅकवर. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नये. अ‍ॅक्सलखाली लोखंडी स्टँड लावावा, नसेल तर लाकडाचा रुंद, भक्कम ओंडका. दगड नको. दगड कधी फुटेल सांगता येत नाही, आणि जीपचं वजन हजार किलोच्या वर असतं.

उचललेलं चाक वर आणि खाली धरून हलवलं की खेळ कळतो. गॅरेजच्या भाषेत प्ले. पण हा प्ले बेअरिंगचाच आहे असं धरून चालणं ही जुन्या जीपच्या दुरुस्तीतली फार पसरलेली चूक आहे. पुढचं चाक ज्या नकलवर उभं असतं ती नकल वर-खाली दोन किंगपिनांवर फिरते आणि तिथेही छोटी टेपर बेअरिंगं असतात. ती झिजली तरी चाक तस्संच हलतं. मेस्त्रींनी गाडीच्या मालकाला वर बसवलं. “ब्रेक दाबून धरा जरा, पाव्हणं.” ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि त्याच्या मागची प्लेट एकमेकांना जखडतात, म्हणजे व्हील बेअरिंगचा प्ले हिशेबातून जातो. मेस्त्रींनी चाक पुन्हा हलवलं. आता ते गप्प होतं. म्हणजे बेअरिंगच. ब्रेक दाबूनही हललं असतं तर किंगपिन, आणि तसं असताना हब उघडलं असतं तर मालकाचे पैसे आणि मेस्त्रींचा दिवस दोन्ही वाया गेले असते. या तपासणीला हत्यार लागत नाही. वर बसायला एक माणूस लागतो.

हबच्या आत काय आहे ते समजल्याशिवाय पुढचं काम कळणार नाही. टेपर रोलर बेअरिंगमध्ये आतली कडी, तिच्याभोवती रोलर, रोलरना अंतरावर धरणारा पत्र्याचा पिंजरा आणि बाहेरची कडी एवढंच असतं. पहिल्या तिघांची मिळून एक वस्तू होते, तिला कोन म्हणतात. बाहेरची कडी म्हणजे कप. रोलर एका टोकाला किंचित जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. या सगळ्यांच्या तिरक्या रेषा मनाने पुढे वाढवल्या तर आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर न घासटता लोळतो. तिरपा असल्यामुळे वरून येणारं गाडीचं वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही तो एकदम झेलतो. पण त्याच तिरपेपणामुळे वजन पडलं की कोन आणि कप एकमेकांपासून सरकायला बघतात. म्हणून एकाच बेअरिंगवर चाक उभं राहत नाही. आतलं आणि बाहेरचं अशी दोन बेअरिंगं एकमेकांच्या विरुद्ध तोंडाने बसवतात आणि त्या जोडीला, हब ज्याच्यावर फिरतं त्या स्पिंडलच्या टोकावरचा एक नट धरून ठेवतो. तो नट किती आवळायचा यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

चाकाचा हा प्रश्न मोटारीच्या आधीचा आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या तुंब्याला वंगण घालायचे, ते याच घर्षणासाठी. अमेरिकेत सेंट लुइसला हेन्री टिमकेन नावाचा जर्मनीतून आलेला घोडागाड्या बनवणारा होता. वळणावर चाकाला बसणारा बाजूचा रेटा साध्या बेअरिंगला झेपत नाही हे त्याला धंद्यातून ठाऊक होतं. १८९८ साली त्याने आणि त्याच्या नात्यातल्या रेजिनाल्ड हाइन्झलमनने टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट मिळवलं, पुढच्याच वर्षी कंपनी काढली आणि १९०१ साली ती ओहायोतल्या कँटनला नेली. तोवर मोटारी रस्त्यावर यायला लागल्या होत्या.

जीप आली दुसऱ्या महायुद्धात. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी काढली, बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने पहिला आराखडा केला, आणि पुढे विलिज व फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बांधल्या. त्या काळात बेअरिंगला काय किंमत होती याचा अंदाज एका तारखेवरून येतो. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेची २९१ बॉम्बफेकी विमानं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेली आणि त्यांतली ६० परत आली नाहीत. श्वाइनफुर्टला ना राजधानी होती, ना बंदर. तिथे बेअरिंगचे कारखाने होते.

भारतात जीप आली ती मुंबईतून. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव बदललं. त्याच सुमारास माझगावला विलिजच्या सुट्या भागांतून जीप जोडणं सुरू झालं. अमेरिकेत सीजे थ्री बी हे मॉडेल १९५३ साली आलं आणि १९६८ला संपलं. आपल्याकडे त्या उंच बॉनेटच्या गाडीचा वंश त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. म्हणून कोल्हापुरात, जुन्नरात, इगतपुरीत दिसणारी जुनी जीप आणि १९४१ची लष्करी विलिज यांच्या पुढच्या चाकांचं शरीरशास्त्र जवळजवळ एकच आहे.

बेअरिंगचा आकडासुद्धा तोच राहिला. लष्करी विलिजच्या आणि सीजे थ्री बीच्या पुढच्या हबमध्ये आतलं आणि बाहेरचं दोन्ही बेअरिंगं एकाच मापाची असतात: कोन १८५९०, कप १८५२०. भोक ४१.२७५ मिलिमीटर, म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच. बाहेरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर. काउंटरवर एवढे दोन आकडे सांगितले की पुरतात. महायुद्धातल्या गाडीचा भाग आज दुकानात मिळतो याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे: माप ठरलेलं आहे आणि ते सगळ्यांनी पाळलं. जयपूरला १९४६ साली सुरू झालेल्या नॅशनल इंजिनिअरिंगचं एनबीसी हे नाव आपल्या गॅरेजांत घरचं आहे. पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, टिमकेनचा जमशेदपूरला. तरी मॉडेल आणि वर्ष बदललं की आकडा बदलू शकतो. म्हणून दुकानात जाण्याआधी जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा पुसून वाचावा.

आता हब उघडायचं. पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल पोकळ स्पिंडलमधून बाहेर येतो आणि टोकाच्या फ्लँजला फिरवतो. गाडीचं वजन मात्र अ‍ॅक्सलवर नसतं, ते स्पिंडलवरच्या दोन बेअरिंगांवर असतं. चाक काढताना एक लक्षात ठेवायचं: जुन्या विलिज जीपगाड्यांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेल्या माणसाने पाइप लावून जोर केला की स्टडच तुटतो. टोपी काढली, सर्कलिप काढली, फ्लँजचे बोल्ट सोडून फ्लँज ओढून घेतली की समोर लॉकनट दिसतो. त्याच्यामागे जिभा असलेलं वायसर, त्याच्यामागे अ‍ॅडजस्टिंग नट. वायसरची वाकवलेली जीभ सरळ करायची आणि मोठ्या बॉक्स पान्याने नट सोडायचे. या गाड्यांवर छिन्नी-हातोड्याने सोडलेले नट जागोजाग दिसतात. कडा चेचलेल्या, आटे मेलेले. अशा नटाने बारीक अ‍ॅडजस्टमेंट होऊच शकत नाही. पाना नसेल तर हे काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशीच्या हबमधून जे ग्रीस निघालं ते ताकासारखं पांढरट होतं. मेस्त्रींनी ते बोटावर घेऊन मालकाला दाखवलं. “पाणी.” एवढंच म्हणाले. ग्रीस काळं आणि जळक्या वासाचं निघालं तर नट जास्त आवळला होता किंवा ब्रेक धरत होता. ग्रीस पातळ होऊन वाहत असेल, त्याला गिअर ऑइलचा उग्र वास असेल, तर दुखणं वेगळंच. डिफरन्शियलचं तेल अ‍ॅक्सलच्या आतल्या सीलमधून नकलमध्ये आणि नकलमधून हबमध्ये पोचलंय. ग्रीस धुवून निघतं, ब्रेकचे लायनर भिजतात आणि चाक ब्रेकला धरेनासं होतं. अशा वेळी फक्त बेअरिंग बदललं तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा.

डिझेलमध्ये धुऊन पुसल्यावर बेअरिंग स्वतःच बोलायला लागतं. कपच्या आतल्या पृष्ठभागावर रोलरच्या अंतराने सारख्या काळ्या रेघा असतील तर गाडी ओल धरून बराच काळ एका जागी उभी होती. तशाच अंतरावर खोलगट ठसे असतील तर खड्ड्याचा नाहीतर हातोड्याचा दणका. पोलादाच्या खपल्या उडाल्या असतील तर थकवा. निळसर झाक म्हणजे उष्णता, आणि ते पोलाद आता मऊ पडलंय. यांतलं काहीही दिसलं की कोन आणि कप दोन्ही बदलायचे. नव्या कोनाबरोबर जुना कप ठेवणं म्हणजे नवे रोलर जुन्या खड्ड्यांवरून फिरवणं. आणि एक: धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून वाळवण्याची तरुण पोरांना फार हौस असते. ते करू देऊ नये. ग्रीस नसताना त्या वेगाने फिरवलं तर बेअरिंग खराब होतं, आणि पिंजरा सुटून रोलर उडाले तर डोळा जातो.

थकव्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या भागात तो फार आहे. १९४७ साली स्वीडनमध्ये गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन यांनी बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं, ते आजही मुळात तेच वापरतात. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्म्यावर येत नाही. ते दहाव्या हिश्श्यावर येतं. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ज्याला आपण वडाप म्हणतो, त्या जीपगाड्यांत दारावर, पायरीवर, टपावर माणसं बसलेली सगळ्यांनी पाहिलीत. ज्या वाटेवर एसटी दिवसातून दोनदाच येते तिथे लोकांना दुसरा इलाज नव्हता, हेही तितकंच खरं. पण त्या गाड्यांची बेअरिंगं सारखी का जायची, याचं उत्तर नशिबात किंवा कंपनीच्या मालात शोधण्याची गरज नव्हती.

कप काढणं-बसवणं ही हातोड्याची कला आहे. हबच्या आतून पंच लावायला खाचा ठेवलेल्या असतात. पितळी पंचाने एकदा या बाजूला, एकदा समोरच्या बाजूला, असं ठोकत कप सरळ बाहेर काढायचा. नवा कप बसवताना मेस्त्री जुनाच कप त्याच्यावर उलटा ठेवून त्यावर ठोकतात, म्हणजे नव्या पृष्ठभागाला पंच लागत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. तो बदल मी ऐकला आणि मला वाटतं ऐकणाऱ्या कुणालाही कळेल: आधीचा पोकळ, नंतरचा भरीव.

कप हबमध्ये घट्टच हवा. तो हाताने आत जात असेल तर हब झिजलंय. इथे एक वाईट रीत रूढ आहे: हबच्या आतून डॉट पंचाने टिंबं मारायची, म्हणजे धातू फुगतो आणि कप धरतो. धरतो तो त्या टिंबांच्या टोकांवर. थोड्याच दिवसांत ती टोकं चेपतात, कप फिरायला लागतो आणि हब कायमचं जातं. लेथवर बोअर करून बुश बसवणं किंवा चांगलं हब शोधणं हाच उपाय. उद्यमनगरात हे काम करणारे हात आहेत, त्यांच्याकडे जावं. उलट स्पिंडलवर कोन सरकता असायला हवा. हाताने जावा, हाताने यावा. तो तिथे घट्ट वाटला की पोरं हातोडा उचलतात. तसं झालं तर स्पिंडल साफ करायचा, कोन ठोकायचा नाही, कारण ठोकलेला कोन नटाने सरकत नाही आणि अ‍ॅडजस्टमेंट खोटी लागते.

ग्रीस भरायला तळहातच लागतो. व्हील बेअरिंगसाठी लिथियमचं ग्रीस घ्यावं. दुकानात एपी थ्री म्हणून मागितलं की मिळतं. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. वरून बोटाने लावलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोचत नाही. हबच्या पोकळीत थोडा लेप पुरे. ती गच्च भरली तर ग्रीस घुसळून तापतं आणि सील ढकलून ब्रेकवर येतं. जुनं कुठलं तरी आणि नवं भलतंच ग्रीस एकत्र करू नये, दोन जाती जुळल्या नाहीत तर मिश्रण पातळ होतं. सील नेहमी नवं, ओठ बेअरिंगकडे.

मग येतो नट.

विलिजच्या सर्व्हिस पुस्तकातली पद्धत थोडक्यात अशी आहे. चाक हाताने फिरवत ठेवायचं आणि फिरत असतानाच अ‍ॅडजस्टिंग नट आवळत जायचा, चाक अडखळायला लागेपर्यंत. मग नट एका फेऱ्याचा सहावा हिस्सा मागे घ्यायचा, गरज वाटली तर थोडा आणखी. चाक मोकळं फिरायला हवं आणि बाजूने हलता कामा नये. षट्कोनी नट असेल तर सहावा हिस्सा म्हणजे बरोबर एक बाजू, त्यामुळे मोजायला काही लागत नाही. नटाच्या एका कडेला खडूची खूण केली आणि पुढची कड त्या जागी आणली की झालं.

इतकी सोपी वाटणारी ही कृती नेमकी कुठे बिघडते ते मेस्त्रींच्या हातांकडे पाहून कळत होतं. पहिलं, चाक फिरवणं. नट आवळताना चाक स्थिर असेल तर रोलर वाकडे-तिकडे राहतात, आतल्या कडेला नीट टेकत नाहीत. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि गाडी मैलभर गेली की रोलर जागेवर बसतात आणि चाकात प्ले दिसतो. मेस्त्री एका हाताने पाना ओढत होते आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत होते, दोन्ही दिशांना. दुसरं, लॉकनट. वायसर घालून लॉकनट आवळला की तो आतल्या नटाला ढकलतो आणि आट्यांमध्ये जेवढी फट असते तेवढा नट आत सरकतो. म्हणजे मघाशी जमवलेली अ‍ॅडजस्टमेंट लॉकनट आवळल्यावर बदललेली असते. म्हणून तपासणी लॉकनट आवळल्यानंतर पुन्हा. घट्ट वाटलं तर सगळं सोडून परत पहिल्यापासून. मेस्त्रींनी त्या चाकावर हे तीनदा केलं. गाडीचा मालक घड्याळाकडे बघत होता.

किती फट हवी? अशा बेअरिंगसाठी साधारण मानलेला हिशेब ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले एक ते पाच भाग. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून, हब आत-बाहेर ओढून ती मोजता येते आणि ज्याच्याकडे गेज आहे त्याने जरूर मोजावी. मेस्त्रींकडे गेज नव्हतं. त्यांनी अंगठा हब आणि ब्रेक प्लेटच्या सांध्यावर ठेवला आणि चाक हलवलं. गाडी पळायला लागली, ब्रेक लागले की हब आणि स्पिंडल तापतात आणि ही फट बदलते. शून्य फटीवर सोडलेली बेअरिंगं घाटात दाबली जाऊ शकतात. दाबलेल्या बेअरिंगमधला ग्रीसचा थर पिळून निघतो, धातूला धातू लागतो, उष्णता वाढते, उष्णतेने आणखी दाब. शेवटी कोन स्पिंडलला चिकटतो आणि चाक थांबतं किंवा टोकच तुटतं. सैल सोडलं तर सगळा भार थोड्याच रोलरवर येतो, ड्रम डुलतो, सीलचा ओठ झिजतो, टायर एका अंगाने खरवडतो. सैल बेअरिंग आवाज करून आधी इशारा देतं. आवळलेलं बहुतेक वेळा देत नाही. म्हणून ‘असू दे थोडं टाइट’ ही सवय जास्त धोक्याची.

वायसरची जीभ नटावर वाकवली, फ्लँज नव्या गॅस्केटवर बसवली, चाक चढलं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून हबला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर परत. शे-दोनशे किलोमीटरनंतर प्ले पुन्हा पाहायचा. सीजे थ्री बीच्या मागच्या चाकाची रचना वेगळी आहे. तिथे अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं, हब चावीवर बसलेलं, ओढायला पुलर लागतो आणि फट पातळ शिमांनी जमवतात. ते काम घरी करू नये.

आताच्या बहुतेक मोटारींत यातलं काहीच नसतं. हब युनिट कारखान्यातच फट ठरवून, ग्रीस भरून, सील करून येतं. गेलं की अख्खं बदलायचं. शहरातल्या रस्त्यासाठी ही सुधारणाच आहे, आणि चुकीच्या हाताने आवळलेल्या नटापेक्षा ती नक्की बरी. पण जी गाडी पाण्यातून जाते आणि जवळच्या शोरूमपासून साठ-सत्तर किलोमीटरवर राहते, तिच्यासाठी उघडता येणारं, धुता येणारं, पुन्हा जमवता येणारं हब जास्त उपयोगाचं आहे. अट एवढीच की ते जमवणारा हात असला पाहिजे. आणि तो हात टिकायचा तर त्याच्या कामाला मोल हवं. गॅरेजच्या बिलात बेअरिंगची किंमत दिसते, सीलची दिसते, ग्रीसची दिसते. नट तीनदा सोडून तीनदा जमवल्याचा वेळ ‘मजुरी’ या एका शब्दात जातो आणि घासाघीस नेमकी त्याच ओळीवर होते. मग नट एकदाच आवळून गाडी सोडून देणारा मेस्त्री स्वस्त ठरतो. पुढच्या पिढीने हे काम का शिकावं, याचं उत्तर गाडीच्या मालकांनीच द्यायचं आहे.

बनावट बेअरिंगचंही तसंच. नामांकित कंपनीच्या खोक्यात हलका माल मिळतो, थोड्या पैशांच्या फरकाने. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्यावं, खोक्यावरचा आणि कडीवरचा आकडा जुळवून पाहावा. घाट उतरताना त्या दोन कड्यांवर घरची माणसं बसलेली असतात.

ज्यांच्याकडे जुनी जीप आहे त्यांना एक विनंती. पाऊस संपलाय. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आणि उसाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत पुढची दोन्ही हबं उघडून घ्या, आवाज नसला तरी. काम चालू असताना तिथे थांबा, नट जमवताना मेस्त्रींना घाई करू नका आणि मजुरी सांगितली तेवढी द्या. बेअरिंग चांगलं निघालं तर धुऊन, ग्रीस भरून तेच वापरता येईल. सील मात्र जुनं परत बसवू देऊ नका.